माणशी सहाशे एकर

पोरांनो, गोष्टीआधी एक गणित. कागद-पेन्सिल घ्या. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत माणसं भरली सव्वाअकरा कोटी. डोंगर, नद्या, रस्ते, शहरं सगळं धरून जमीन सारखी वाटली, तर एकेकाच्या वाट्याला काय येईल? बरोबर, जेमतेम २७ गुंठे. पाऊण एकरही नाही.

आता दुसरं गणित. मंगोलियाच्या अगदी दक्षिणेला, चीनच्या सरहद्दीला टेकून ओम्नोगोवी नावाचा प्रांत आहे. ओम्नोगोवी म्हणजे दक्षिण गोबी. क्षेत्रफळ सुमारे १ लाख ६५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या राज्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. आणि माणसं? सत्तर हजारांच्या आसपास. एवढी माणसं आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावातसुद्धा सापडतात. करा वाटणी. माणशी जवळजवळ सहाशे एकर!

बघा, लगेच डोळे चमकले. काय म्हणालीस चिमणे, आपण तिकडेच राहायला जाऊ? जा हो जा, पण आधी ऐकून घे. सहाशे एकर वाट्याला येऊनही तिथला कोणी जमीनदार झालेला नाही. उलट पन्नास शेळ्या चारायच्या तर माणसाला बिऱ्हाड पाठीवर घेऊन वर्षातून चार-सहा वेळा हलावं लागतं. हे असं का, तीच आजची गोष्ट. मी स्वतः गोबीत पाऊल ठेवलेलं नाही, आधीच सांगून टाकतो. नकाशे, पुस्तकं आणि शास्त्रज्ञांनी लिहून ठेवलेलं, एवढ्याच भांडवलावर मी बोलतोय.

तर पहिला प्रश्न पावसाचा. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर इथून उठलेले ढग आपल्याला भिजवत भिजवत उत्तरेला निघतात. पुढे हिमालय आडवा. ढगांना वर चढावं लागतं, वर गेले की गारठतात, आणि जवळचं बहुतेक पाणी अलीकडच्या उतारावरच सांडून मोकळे होतात. हिमालयापलीकडे तिबेटचं पठार, तेही साडेचार हजार मीटर उंचीचं. हे सगळं ओलांडून गोबीत जी हवा उतरते ती कोरडी ठणठणीत. पूर्वेकडचा समुद्र म्हणाल तर तो हजार किलोमीटरहून लांब. आपल्या सह्याद्रीचं हेच चालतं की. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला माण तालुक्यात पाचशेची मारामार. एवढासा सह्याद्री हा फरक पाडतो, मग हिमालयानं काय केलं असेल?

ओम्नोगोवीच्या राजधानीचं नाव दालनझाद्गाद. जीभ वळते का पाहा. तिथे वर्षाला सरासरी १३० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा जून ते ऑगस्टमध्ये. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, तुमच्या बाबाला विचारा. म्हणजे दालनझाद्गादला सात वर्षांत पडेल त्याहून जास्त पाणी आपण एका दिवसात गटारात जाताना पाहिलं.

दुसरा प्रश्न थंडीचा. वाळवंट म्हटलं की तुम्हाला ऊन दिसतं. गोबी हे थंड वाळवंट आहे. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास उंची, उबदार समुद्र जवळ नाही, आणि हिवाळ्यात सायबेरिया-मंगोलियावर जड, गार हवेचा प्रचंड थर येऊन बसतो. आकाश स्वच्छ, ढगाचं पांघरूण नाही, त्यामुळे जमिनीतली ऊब रात्रीतून निघून जाते. जानेवारीची सरासरीच शून्याखाली चौदा-पंधरा अंश. काही रात्री पारा उणे तीसपर्यंत उतरतो. जुलैच्या दुपारी तोच पारा पस्तीसच्या वर. म्हणजे पाणी कमी, आणि जे आहे ते वर्षातले काही महिने दगड होऊन पडलेलं.

आता वाळूबद्दल. तुझ्या चित्रकलेच्या वहीत वाळवंट म्हणजे पिवळ्या टेकड्या आणि एक उंट. गोबीचा बहुतेक भाग खडी, मुरूम, कोरडी गवताळ मैदानं आणि उघडे डोंगर यांनी भरलेला आहे. वाळूच्या टेकड्या फार थोड्या जागेत. बारीक माती वाऱ्यानं कधीच उचलून नेली, जड खडे मागे राहिले. वसंतात उठलेली गोबीची धूळ पेकिंग, कोरिया, जपानपर्यंत जाते, आणि १९९८ च्या एप्रिलमध्ये तर ती पॅसिफिक ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्यावर पोचलेली शास्त्रज्ञांनी टिपली आहे.

पण वाळू जिथे आहे, तिथे ती आपला हिसका दाखवते. खोंगोरिन एल्स नावाची टेकड्यांची रांग शंभर किलोमीटरहून लांब पसरली आहे, काही टेकड्या दोनशे मीटरहून उंच. या टेकड्या आवाज काढतात. थट्टा नाही. कोरड्या दिवशी टेकडीच्या माथ्यावरून वाळूचा थर घसरायला लागला, की लांब विमान चालल्यासारखी घुमती घरघर ऐकू येते आणि ती पायाखालीही जाणवते. याला वाळू नुसती कोरडी असून भागत नाही. कण गोलसर, स्वच्छ आणि जवळपास एकाच मापाचे लागतात. घसरताना ते एकमेकांवर आपटत एका लयीत हलू लागतात. लाखो कणांचा ताल जुळला की वाळूचा थर नगाऱ्याच्या कातड्यासारखा वरची हवा थरथरवतो. कणांच्या मापावर सूर ठरतो. जरा ओल आली की कण एकमेकांना चिकटतात आणि टेकडी मुकी होते. मार्को पोलोच्या काळापासून प्रवासी वाळवंटातल्या या आवाजांना भुताटकी समजत आले.

याच प्रांतात, या टेकड्यांपासून मोटारीनं दिवसाभराच्या अंतरात, योलिन आम नावाची घळ आहे. गुर्वान सैखान डोंगरांत. घळ इतकी अरुंद, की तळाशी ऊन पोचत नाही. हिवाळ्यात तिथला ओढा गोठून जाड बर्फ होतो, आणि भर जुलैतही त्या बर्फावरून चालता येतं. पूर्वी तो वर्षभर टिके. आता उन्हाळा संपता संपता बहुतेक वितळतो. वर कड्यांवर दाढीवालं गिधाड घिरट्या घालतं. हा पक्षी हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतो आणि आतला मगज खातो. हा सगळा डोंगराळ भाग १९९३ साली राष्ट्रीय उद्यान झाला, मंगोलियातलं सगळ्यात मोठं.

हाडांचा विषय निघालाच आहे, तर आता खरी मेजवानी. 

रॉय चॅपमन अँड्र्यूज नावाचा एक अमेरिकन गृहस्थ १९२२ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयातर्फे गोबीत उतरला. त्याला शोधायचा होता आदिमानव. मोटारी घेऊन आला होता, पण वाळवंटात पेट्रोल कुठून येणार? पेट्रोलचे डबे लादलेला उंटांचा तांडा काही आठवडे आधी पुढे पाठवायचा आणि मोटारींनी त्याला गाठत जायचं, अशी त्याची व्यवस्था. विज्ञानाच्या इतिहासातली ही जोडी मला फार आवडते. आदिमानव काही सापडला नाही. पण बायानझाग इथल्या लालभडक कड्यांपाशी १९२३ च्या जुलैमध्ये त्याच्या माणसांना दगड झालेली अंडी सापडली, व्यवस्थित गोलाकार मांडलेली. डायनोसॉर अंडी घालत, हे जगाला तिथे पटलं. अंडी कोणाची? त्या कड्यांत प्रोटोसेरॅटॉप्स नावाच्या मेंढीएवढ्या डायनोसॉरचे सांगाडे ढिगानं मिळत होते, म्हणून ती त्याचीच धरली. आणि एका घरट्यावर एक वेगळाच, चोचवाला डायनोसॉर मरून पडलेला होता. झालं, ठरलं: हा अंडी चोरायला आला आणि मेला. नावसुद्धा ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर, असं ठेवून टाकलं.

सत्तर वर्षं बिचाऱ्यावर तो आळ राहिला. १९९३ साली याच प्रांतात उखा तोल्गोद इथे तसंच एक अंडं मिळालं, आणि त्याच्या आत पिल्लाची इवली हाडं होती. पिल्लू कोणाचं? त्या ‘चोराच्या’ कुळातलं. आणखी एक सांगाडा तर घरट्यावर हात पसरून, पाय मुडपून बसलेल्या अवस्थेत निघाला, अगदी रवणीवर बसलेल्या कोंबडीच्या पवित्र्यात. म्हणजे चोर नव्हे, ते आईबाप होते. वाळूची टेकडी अंगावर आली तेव्हाही अंडी सोडून उठले नाहीत. नाव मात्र बदलता येत नाही. प्राणिशास्त्राच्या नियमात पहिलं नाव ते पहिलं नाव.

आणि आता हे ऐक, धाकट्या. १९६५ साली पोलंडच्या झोफिया किएलान-यावोरोव्स्का नावाच्या बाई गोबीत खोदकाम करत होत्या. त्या काळी अशा मोठ्या मोहिमेची प्रमुख एक बाई, हेच नवल. अल्तान उलच्या डोंगरात त्यांना दोन हात सापडले. एकेक हात २.४ मीटर लांब, म्हणजे आपल्या खोलीच्या छताला टेकेल इतका, पुढे मोठाल्या नख्या. बाकी धडाचे चार-दोन तुकडे, बस्स. कोणाचे हात? शास्त्रज्ञांनी डायनोकायरस असं नाव दिलं आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षं डोकं खाजवलं. काहींना वाटलं, हा टायरॅनोसॉरसहून भयंकर शिकारी असणार. 

कोरियन आणि मंगोल शास्त्रज्ञांच्या मोहिमेला २००६ आणि २००९ साली आणखी दोन सांगाडे मिळाले. एकाची कवटी आणि पाय चोरट्यांनी आधीच पळवले होते. ते युरोपात एका संग्राहकाकडे सापडले आणि परत आले. २०१४ साली सगळं जुळवून पाहिलं, तर हा भयंकर शिकारी निघाला कोण? अकरा मीटर लांबीचा, पाठीवर उंचवटा असलेला, बदकासारखं चपटं तोंड असलेला, दात नसलेला एक संथ प्राणी. पोटात चौदाशेहून जास्त वाटोळे गोटे, अन्न भरडायला गिळलेले. आणि गोट्यांबरोबर माशांचे अवशेष!

मासे. वाळवंटात. इथे थांबून विचार करा. ज्या खडकांत हा निघाला, त्या खडकांच्या काळात, सुमारे सात कोटी वर्षांपूर्वी, तिथे नद्या वाहत होत्या, काठावर दाट झाडी होती. हिमालय तेव्हा जन्मालाच आला नव्हता. भारताचा तुकडा अजून दक्षिणेच्या समुद्रात होता, आशियाला धडकायचा होता. आणि जवळपास त्याच सुमाराला, थोडंसं पुढे, आपल्या दख्खनवर लाव्हा ओतला जायला लागला, ज्यातून हा आपला काळा कातळ झाला. म्हणजे ओम्नोगोवीला पाणी नव्हतं असं नाही. पाणी होतं. ते गेलं.

पाणी गेल्यावर जे राहिले, त्यांचा संसार कसा चालतो ते आता बघू.

झाग नावाचं एक झुडूप आहे. आपल्याकडच्या लोकांना ते वाळलेल्या काटक्यांचा भारा वाटेल. पानं जवळजवळ नाहीतच, नुसते खवले. कारण पान जितकं रुंद तितकं पाणी उडून जाणार. पानांचं काम हिरव्या डहाळ्या करतात. मुळं खोलवर, ओल असेल तिथपर्यंत. लाकूड इतकं जड, की पाण्यात बुडतं, आणि जळतं कोळशासारखं. म्हणूनच माणसांनी ते चुलीसाठी इतकं तोडलं की काही ठिकाणी वाळू मोकळी सुटली. झागच्या रानात दोन झुडपांमध्ये मोकळी जागा दिसते. ती फुकट गेलेली नाही. जमिनीखाली तिथपर्यंत त्याची मुळं ओल शोधत गेलेली असतात.

हाच हिशोब बिबट्याचा. या प्रांतातल्या तोस्त डोंगरांत २००८ पासून हिमबिबट्यांच्या गळ्यात पट्टे बांधून त्यांचा माग काढला जातोय. एका नराचा वावर सरासरी २०० चौरस किलोमीटरच्या आसपास, मादीचा १२५ च्या आसपास. एका बिबट्याला वर्षभर पुरतील एवढे रानबोकड जगवायला तेवढं खुरटं गवत लागतं, आणि तेवढं गवत उगवायला तेवढ्या जमिनीवरचा पाऊस. करा गणित: २०० चौरस किलोमीटर म्हणजे पन्नास हजार एकर. तुमचे सहाशे एकर कुठे गेले?

माणूसही याच हिशोबाला बांधलेला आहे. गोबीतलं कुटुंब गेरमध्ये राहतं. गेर म्हणजे लाकडी जाळीच्या भिंती आणि त्यावर लोकर दाबून केलेला जाड नमदा, असा गोल तंबू. वारा त्याला कोपऱ्यात पकडू शकत नाही, कारण कोपराच नाही. दार दक्षिणेला, माथ्यावर धुराडं, मध्ये शेगडी, शेगडीत वाळलेलं शेण. हो, आपल्या गोवऱ्याच. पण तिथे थापाव्या लागत नाहीत, रानात आयत्या वाळून पडलेल्या असतात. तंबू तासा-दोन तासांत मोडून गाडीवर किंवा उंटावर चढतो. आता बहुतेक गेरवर एक सौर पट्टी दिसते. मंगोल सरकारनं २००० साली ही योजना काढली आणि बारा वर्षांत लाखभर गुराखी कुटुंबांना दिवा मिळाला. ऊन ही एक गोष्ट गोबीत कमी नाही.

गवत विरळ, म्हणून तंबूही विरळ. उत्तरेकडच्या हिरव्या प्रांतांत चार-पाच गेर एकत्र दिसतात. इथे एक, फार तर दोन. तिसरा आला की सगळ्यांच्या शेळ्या उपाशी. शेजार म्हणजे क्षितिजावरचा ठिपका. मुलं शाळेसाठी गावातल्या वसतिगृहात राहतात आणि सुट्टीला घरी येतात. पण सुट्टीला घर त्याच जागी असेल असं नाही. पाऊस दहा कोस पलीकडे पडला असेल तर घर तिकडे गेलेलं असतं.

काय? पाऊस नसला की हलायचं, मग थंडीचं काय? चांगला प्रश्न. थंडीतल्या संकटाला ते झुद म्हणतात. पांढरा झुद म्हणजे इतका बर्फ, की खालचं गवत जनावरांना उकरता येत नाही. लोखंडी झुद म्हणजे बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि गवतावर कवच बसतं. काळा झुद नेमका उलटा, बर्फ पडतच नाही. मग बरंच की, असं म्हणू नका. हिवाळ्यात विहिरी गोठलेल्या. जनावरं बर्फ चाटून तहान भागवतात. बर्फ नाही तर पाणी नाही. २००९-१० च्या हिवाळ्यात मंगोलियाची ऐंशी लाखांहून जास्त जनावरं गेली, दर पाचातलं एक. ज्याचा कळप गेला तो तंबू उचलून शहराच्या कडेला जातो आणि सहसा परत येत नाही. माझं मत विचाराल तर गोबी ओस पाडायला वाळू कारण होत नाही, एखादा असा हिवाळा पुरतो. त्यात माणसानंही भर घातलीय. १९९० नंतर सरकारी कळप मोडले, जनावरं घरोघरची झाली, आणि मऊ लोकरीला भाव आला म्हणून शेळ्या वाढत गेल्या. शेळी गवत मुळापासून खाते. आपल्या वनखात्यातला कोणीही हे सांगेल.

उंट मात्र गोबीचा जावई. मंगोलियात साडेचार लाखांच्या आसपास उंट आहेत आणि सगळ्यात जास्त याच प्रांतात. राजस्थानच्या उंटाला एक वशिंड, याला दोन. वशिंडात पाणी नसतं हं, चरबी असते. हिवाळा काढून वसंतात उंट बघा, वशिंडं रिकाम्या पिशव्यांसारखी कलंडलेली असतात. नाकाची रचना अशी, की बाहेर जाणाऱ्या श्वासातली ओल आतल्या आतच परत मिळते. आणि पाणी भेटलं की एका दमात शंभर लिटर. २०१६ च्या मार्चमध्ये दालनझाद्गादला ११०८ उंट एकाच शर्यतीत धावले, तो जागतिक विक्रम ठरला.

पण मला त्या शर्यतीहून वेगळी गोष्ट सांगायची आहे. उंटीण तेरा महिने पिल्लू पोटात वागवते आणि दोन वर्षांतून एकदा विते. वसंतातल्या वादळात, पहिलटकरणीला फार त्रास झाला तर ती कधी कधी पिल्लाला जवळच घेत नाही, लाथाडते. कधी पिल्लाची आई मेलेली असते. असं पिल्लू दोन दिवसांत मरणार. तेव्हा गोबीतली माणसं काय करतात? गातात. उंटिणीला पिल्लाजवळ बांधतात, आणि एखादी बाई तिच्या अंगावर हात फिरवत, एकच शब्द लांबवत, तासन् तास एका सुरात गात राहते. सोबतीला घोड्याचं मुंडकं कोरलेलं दोन तारांचं वाद्य. पहाटे किंवा तिन्हीसांजेला हे चालतं. हळूहळू उंटीण शांत होते, पुष्कळदा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, आणि ती पिल्लाला पाजू लागते. डोळ्यांतलं ते पाणी म्हणजे रडणंच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. उंटाचे डोळे वाळूमुळेही वाहतात. पण पिल्लू दूध पितं, ते खरं. २००३ साली याच मुलखातल्या एका कुटुंबावर या विधीचा चित्रपट निघाला, आणि २०१५ साली युनेस्कोनं हा विधी तातडीनं जपण्याच्या वारशांच्या यादीत घातला. तातडीनं, कारण गाणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या आणि उंट राखणारी पोरं मोटारसायकलवर बसून खाणीत कामाला गेली.

ही खाण म्हणजे ओम्नोगोवीच्या गणितातला नवा आकडा. प्रांताच्या पूर्व भागात, चीनच्या सरहद्दीपासून ऐंशी किलोमीटरवर ओयू तोल्गोई इथे तांबं आणि सोनं आहे, जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक. २०१३ साली उघड्या खाणीतून माल निघू लागला, २०२३ साली जमिनीखालच्या खोल खाणीतून. खाणीत चौतीस टक्के वाटा मंगोल सरकारचा, बाकीचा रिओ टिंटो कंपनीच्या हाती. जवळच तावान तोल्गोईला कोळशाचे डोंगर. त्यासाठी २०२२ साली २३३ किलोमीटरचा लोहमार्ग सरहद्दीपर्यंत टाकला. जिथे गवतानं माणसं मोजून ठेवली होती, तिथे आता तांबं-कोळसा माणसं बोलावतो. गावं फुगली, पगार आले, शाळा-दवाखाने आले. त्याला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. शहरात नळाखाली हात धुणाऱ्यानं गुराख्याला पगार घेऊ नको म्हणणं बरं दिसत नाही.

प्रश्न पुन्हा पाण्याचाच. खाण खोल भूगर्भातलं खारट पाणी उपसते, त्याचा गुराख्यांच्या उथळ विहिरींशी संबंध नाही असं कंपनी म्हणते, आणि वापरलेलं बहुतेक पाणी फिरवून पुन्हा वापरते. गुराख्यांची धास्ती काही जात नाही. खाणीसाठी उंदाई नावाच्या कोरड्या नदीचा मार्ग वळवला, तेव्हा २०१२ साली त्यांनी थेट जागतिक बँकेच्या गटातल्या लोकपालाकडे तक्रार नेली. पाच वर्षं बोलणी चालली आणि २०१७ साली करार झाला. कोरड्या नदीसाठी एवढं भांडण कशाला, असं तुम्हाला वाटेल. ज्याला झिरा माहीत आहे त्याला तसं वाटणार नाही. आपल्या आजीला विचारा, उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत खड्डा खणून वाटीवाटीनं पाणी भरायचे.

गोबीत झिरा खणणारा आणखी एक आहे, आणि तो माणूस नाही. खुलान, म्हणजे रानगाढव. खुरांनी कोरड्या नदीची वाळू उकरून हात-दीड हात खोल जातं, पाणी लागलं की पितं आणि पुढे जातं. मग त्याच खड्ड्यावर बाकीचे प्राणी तहान भागवतात. या जातीच्या जगातल्या रानगाढवांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त मंगोलियाच्या गोबीत आहेत, आणि त्यातला मोठा हिस्सा याच दक्षिण गोबीत. शास्त्रज्ञांनी त्यांच्या गळ्यात पट्टे बांधले तेव्हा कळलं, की एकेका जनावराचा वर्षाचा वावर वीस हजारांपासून सत्तर हजार चौरस किलोमीटरपर्यंत जातो. कारण पाऊस आज इथे, तर पुढच्या महिन्यात तिथे. अशा प्राण्याला कुंपण म्हणजे उपासमार. १९५० च्या दशकात पूर्वेकडे रेल्वे झाली, तिला तारेचं कुंपण घातलं, आणि पलीकडच्या बाजूची रानगाढवं हळूहळू संपली. अलीकडे त्या कुंपणाचा काही भाग काढून पाहिला. २०२० साली खुलान रूळ ओलांडून पलीकडे गेले, पासष्ट वर्षांनी पहिल्यांदा.

हे रानगाढव बघायला गोबीत जायची गरज नाही बरं का. याच जातीची आपली शाखा कच्छच्या छोट्या रणात आहे. तिकडे त्याला घुडखर म्हणतात. १९६० च्या दशकात रोगानं ते काही शेंवर आलं होतं. जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य मिळालं आणि २०२४ च्या मोजणीत ७,६७२ भरले. पावसाळ्यात रण पाण्याखाली जातं, तेव्हा अभयारण्य बंद असतं. बाबाला म्हणावं, दिवाळीनंतरची तिकिटं काढ.